संतापाचा खण

"अहो, जरा सरका. वरची वही हवीय मला," असं म्हणत प्रमिलाने माझ्या खांद्यावरून हात लांब केला आणि फळीवरची भजनांची वही ओढून घेतली. ओढताना ती काहीतरी गुणगुणत होती.

रविवारची सकाळ होती. गणपती जाऊन आठ दिवस झाले होते. मी खिडकीपाशी वाचत बसलो होतो. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकली आणि वही चाळायला लागली. संध्याकाळी तिच्या भजनी मंडळाला कुठलंसं बोलावणं होतं.

"जरा गप्प बसतेस का?" मी म्हणालो.

"बसते की."

दोन मिनिटं ती गप्प बसली. मग पान उलटलं आणि तिच्याही नकळत गुणगुणणं पुन्हा सुरू झालं.

मी उठलो. तिच्या हातातून वही काढून घेतली. सव्वीस वर्षं वाचनालयात काढलेला माणूस मी. वही कुठे पकडली की लवकर सुटते हे माझ्या हातांना ठाऊक होतं. आधी शिलाई ओढली. पानांचा गठ्ठा मोकळा झाला. तो आडवा फाडला, दोन्ही तुकडे एकावर एक ठेवले आणि पुन्हा उभे फाडले.

प्रमिलाने तुकडे वेचले. कपाटातून उशीचा एक धुतलेला अभ्रा काढला, त्यात ते भरले आणि तोंडाला गाठ मारली.

"आईचं अक्षर होतं," ती म्हणाली. ते ती अभ्र्याला म्हणाली, मला नाही.

मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. तासगावातल्या एका लहानशा वाचनालयाचा ग्रंथपाल. पुस्तकाचं पान कोणी दुमडलं तर ते मी स्वतः बसून सरळ करत असे. त्याच्या दीड वर्ष आधी मला नैराश्याने गाठलं होतं. कित्येक महिने मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. मग मिरजेच्या डॉक्टर शमीम मुजावरांचं औषध सुरू झालं. हळूहळू झोप आली, भूक आली, मी दाढी करायला लागलो, कामावर जायला लागलो. हळबे बरे झाले, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

पण एक गोष्ट गेली नव्हती. कुकरची शिट्टी झाली की माझ्या अंगाचा भडका उडे. चमचा खाली पडला, चप्पल वाकडी ठेवलेली दिसली, कोणी दोनदा हाक मारली, की झालंच. वाचनालयात मी ते गिळून टाकायचो आणि घरी आणून सांडायचो. घरात आम्ही दोघंच. तेव्हा ते सगळं कोणाच्या वाट्याला यायचं हे सांगायला नको.

*

त्या महिन्यात मिरजेला जाताना प्रमिला न विचारता माझ्याबरोबर निघाली. एसटीत ती खिडकीशी बसली आणि तासभर बाहेर बघत राहिली.

डॉक्टर मुजावर उंच, चष्मा कपाळावर चढवून ठेवणाऱ्या आणि भराभर बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले.

"झोप?"

"येते."

"जेवण?"

"व्यवस्थित."

"रडू? जगणं नकोसं वगैरे?"

"नाही, आता नाही."

"मग छानच की, हळबे." त्यांनी कागद पुढे ओढला.

"डॉक्टर," दाराजवळच्या स्टुलावरून प्रमिला म्हणाली, "यांनी माझी वही फाडली."

मुजावरबाईंनी पेनाला टोपण लावलं. चष्मा डोळ्यांवर उतरवला.

"इकडे या ताई. इथे, खुर्चीवर. काय झालं, सगळं सांगा."

प्रमिलाने सांगितलं. कुकर, चमचे, रेडिओ, सगळं. आवाज चढवला नाही, की तिखटमीठ लावलं नाही. मला वाटत होतं, जमीन दुभंगावी.

"तुमच्यावर हात उचलला का कधी?"

"नाही. वस्तूंवर. पण परवा ती वस्तू माझी होती."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "हळबे, इतक्या महिन्यांत हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही उदासीचं औषध देता," मी म्हणालो. "हा तर माझा स्वभाव आहे. मला वाटलं, आजार गेला आणि खालचा खरा माणूस उघडा पडला."

"असं? आजाराच्या आधी होता का हा खरा माणूस?"

"नव्हता," मी बोलायच्या आत प्रमिला म्हणाली. "चहात माशी पडली तर हे माशीची माफी मागायचे."

डॉक्टर हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या.

"ऐका. रडणं थांबलं की घरचे म्हणतात, बरा झाला. आम्ही डॉक्टरसुद्धा कधी कधी त्याला फसतो. पण ही चिडचिड त्याच आजाराची आहे. आजार तीन भाग उतरला, एक भाग राहिला. तो राहिला तर गेलेले तीन परत यायला वाट मोकळी. मी औषध बदलते. रक्ताची एक तपासणीही करू. दिवसात चहा किती?"

"सात-आठ," प्रमिला म्हणाली.

"दोन. आणि रोज चालायचं. पण हळबे, औषधाने भडका लहान होईल, हात आवरायचं काम तुमचं. आजार आहे म्हणून वही फाडणं माफ, असं मी तुम्हाला लिहून देणार नाही."

"नको," मी म्हणालो.

"राग यायच्या आधी अंग सांगतं. तुमचं कुठून सांगतं ते शोधा. सांगितलं की तिथून उठायचं. पण न सांगता उठलात तर तो रुसवा. 'दहा मिनिटांत परत येतो' असं म्हणून उठायचं. आणि परत यायचं. हे विसरू नका, परत यायचं. आल्यावर जे म्हणायचं ते एका वाक्यात म्हणायचं. गिळायचं नाही. प्रत्येक वेळचं लिहून ठेवा. कोणावर, कशावरून, किती मोठा. घरी एक वही करा आणि..."

त्या थांबल्या. वही हा शब्द खोलीत तसाच लोंबकळत राहिला.

मिरजेच्या स्टँडवर तासगावची गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर प्रमिला पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचात तेव्हा मी थांबले. घास भरवले. त्याचं मला काही वाटलं नाही. पण हे मला नाही जमायचं. स्वतःच्या घरात मी चोरासारखी भांडी ठेवते. मार्गशीर्षातले गुरुवार होईतो मी आहे. मग शंकरदादाकडे इचलकरंजीला जाईन."

"किती दिवस?" मी विचारलं.

"ग्रंथपाल ना तुम्ही? मग तुमच्या भाषेत सांगते. परतीची तारीख टाकून जाणार नाही."

*

वहीत लिहिणं मला शक्य नव्हतं. वही उघडली की बोटं थिजायची. मग मी माझ्या सवयीचं साधन घेतलं. वाचनालयाच्या तालिकेची कोरी कार्डं, खाली मधोमध भोक पाडलेली. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाचं असं कार्ड करून ते विषयाप्रमाणे लाकडी खणांत लावायची पद्धत होती. भोकातून पितळी सळई जायची, म्हणजे कार्डं निसटत नसत. एका कार्डावर मी लिहिलं:

विषय: संताप. कोणावर: कुकर. निमित्त: चौथी शिट्टी. सुरुवात: उजवा जबडा. आकार: दहापैकी सहा.

आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने हात खाली सरकून आणखी एक ओळ लिहून गेला: आणखी पाहा.

तालिकेत ही ओळ असतेच. शेतीच्या कार्डाखाली लिहितात, आणखी पाहा: खते. म्हणजे वाचकाला हवं ते इथे संपत नाही, दुसऱ्या खणातही आहे. डॉक्टरांनी हे काही सांगितलं नव्हतं. पण ओळ लिहिली आणि ती कोरी ठेवणं मला जमेना. अर्धा तास विचार केला आणि लिहिलं: भूक. त्या दिवशी मी खरोखरच दुपारी जेवलो नव्हतो.

कार्डं वाढत गेली. कोणावर: शेजारचा स्कूटरवाला. आकार: सात. आणखी पाहा: रात्रभर झोप नाही. कोणावर: साळुंखेबाई. निमित्त: दोनदा विचारलं. आकार: तीन. आणखी पाहा: मला उत्तर येत नव्हतं, त्याची लाज. साळुंखेबाई म्हणजे माझ्या सहायक. वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर. कामात काटेकोर, मीच त्यांना तसं केलं होतं.

सगळं सरळ झालं असं नाही. दिवाळीत मी चकलीचा सोऱ्या मोरीत भिरकावला. प्रमिलाने तो उचलून धुतला आणि पुढची चकली पाडली. त्या कार्डावर मी आठ लिहिलं आणि आणखी पाहापुढे बराच वेळ काही सुचलं नाही. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उजवा जबडा बोलला होता का?"

"बोलला होता."

"ऐकलात का?"

"नाही."

"बरं. पुढच्या वेळी ऐका."

पुढच्या वेळी ऐकलं. भाजीत मीठ जास्त होतं. जबडा आवळला. मी ताटावरून उठलो. "दहा मिनिटांत परत येतो," म्हणालो आणि गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या. लोक बघत होते. हात खरकटाच होता. परत आलो आणि म्हणालो, "भाजी खारट झालीय."

"हो," प्रमिला म्हणाली, "मलाही लागली." आणि तिने दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

यात काही मोठं झालं असं मला वाटलं नाही. मी माझ्या प्रगतीवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. तिनेही तोंडातून कौतुकाचं अक्षर काढलं नाही. गाणं तर नाहीच. मंडळात जाणं तिने बंद केलं होतं. उशीचा अभ्रा कपाटावर गाठ मारलेला तसाच होता. मी एकदा, "जोडून बघू का?" म्हणालो, तर ती म्हणाली, "त्याला हात लावायचा नाही."

एक कार्ड मात्र मी केलंच नव्हतं. त्या रविवारचं. कोणावर आणि कशावरून हे लिहायला क्षणभर पुरला असता. शेवटच्या ओळीला काय लिहायचं, तिथे अडत होतं. मार्गशीर्षातल्या शेवटच्या बुधवारी, दुपारी वाचनालय रिकामं असताना, ते मी एकदाचं लिहिलं. शुक्रवारी मिरजेला जायचं होतं, म्हणून माझ्या टेबलाच्या खणातली सगळी कार्डं बाहेर काढली, ते सगळ्यांत खाली घातलं आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. तेवढ्यात कोणीतरी पुस्तक मागायला आलं. मी उठलो.

गठ्ठा मी ठेवला होता तो तालिकेत लावायच्या कार्डांच्या ट्रेमध्ये. हे मला कळलं गुरुवारी दुपारी.

*

गुरुवारी बँकेचं काम उरकून मी वाचनालयात आलो तेव्हा चार वाजत आले होते. पहिल्यांदा दिसली ती प्रमिला. शेवटच्या गुरुवारची पूजा आटोपून नेसत्या काठापदराच्या लुगड्यानिशीच आलेली. तालिकेच्या कपाटापाशी उभी होती. हातात 'सं'चा खण.

"वहिनींना संतचरित्रं हवी होती," साळुंखेबाई म्हणाल्या. "मंडळातल्या बायकांनी मागितलंय म्हणे. म्हटलं, बघा तुमचं तुम्ही."

मी माझ्या टेबलाचा खण उघडला. रिकामा. ट्रेकडे पाहिलं. तोही रिकामा.

"बाई," मी हळूच म्हणालो, "इथली कार्डं?"

"लावली की काल. ट्रेमधलं कार्ड संध्याकाळच्या आत लागलं पाहिजे, तुमचाच नियम. विषय होता, भोक होतं. पुस्तकाचा नंबर तेवढा नव्हता कशालाच. विचारणार होते."

"वाचलीत?"

"वाचल्याशिवाय कशी लावणार?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "एकूण त्र्याण्णव. त्यात माझ्यावरची दोनच. मी घरी सांगितलं, मालकसुद्धा खूश झाले."

संतचरित्रे, संततिनियमन, आणि त्याच्यामागे संताप. प्रमिलाची बोटं एकेक कार्ड मागे सारत होती. सावकाश. घाई न करता. मी तिच्या पाठीकडे बघत उभा राहिलो. जाऊन खण हातातून घ्यावा असं मनात आलं, पण तिच्या हातातून काही काढून घ्यायची माझी हिंमत राहिली नव्हती.

त्याच वेळी दारातून आप्पा चिवटे आले. निवृत्त तलाठी, रोजचे वाचक, गावभर आवाज.

"हळबे! कुठाय तो हळबे?"

वर्तमानपत्राच्या टेबलावरचे पाच-सहा जण माना वर करून बघायला लागले.

"इथे आहे, आप्पा."

"माझं नाव खणात लावता? मी काय पुस्तक आहे? सकाळी मी सहज तो खण बघत होतो..."

"सहज 'सं'चा खण?" साळुंखेबाईंनी विचारलं. "काय हवं होतं आप्पा तुम्हाला? संतचरित्रं या बाजूला, त्याच्यानंतर दुसरी कार्डं लागतात..."

"ते राहू द्या!" आप्पांचा चेहरा लाल झाला. "कोणावर: आप्पा चिवटे. आकार: दहापैकी नऊ! कुकरला सहा, स्कूटरला सात, आणि मला नऊ? मी काय केलंय असं?"

त्यांनी काय केलं होतं ते त्याच कार्डावर होतं. आमच्या प्रत्येक रहस्यकथेच्या पहिल्या पानावर कोणीतरी शिसपेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवत असे. चार वर्षं. अक्षर कोणाचं हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. चार वर्षं मी खोडरबर घेऊन ते खोडत होतो आणि तोंडाने काही बोलत नव्हतो.

आप्पा पुढे आले. टेबलावर दोन्ही हात टेकले.

"मिरजेला डोक्याचा दवाखाना चालू आहे म्हणतात तुमचा. मला आधी खोटं वाटलं होतं. असल्या माणसाच्या हातात वाचनालय द्यायचं म्हणजे आता समितीलाच विचारलं पाहिजे."

उजवा जबडा आवळला. कान तापले. माझ्या हातात तारखेचा शिक्का होता, लाकडी मुठीचा, चांगला वजनदार. तो हातात कधी घेतला ते मला आठवत नाही. तालिकेच्या कपाटाजवळ कार्डांची सळसळ थांबली होती. प्रमिला वळून माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे म्हणजे माझ्या हाताकडे.

मी शिक्का त्याच्या पॅडवर ठेवला. झाकण लावलं.

"आप्पा," मी म्हणालो, "मी दहा मिनिटांत परत येतो."

"आँ?"

"परत येतो. बसा."

मी बाहेर आलो. आवारात कडुलिंबाचं झाड आहे. त्याला मी फेऱ्या घालायला लागलो. पहिल्या फेरीत मी आप्पांना मनातल्या मनात जे जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या फेरीत श्वास खाली आला. पाचव्या फेरीत मी स्वतःला विचारलं, आणखी पाहा काय? आणि उत्तर लगेच आलं. चार वर्षं बोललो नाही, हे. नळावर पाणी प्यायलो. खिशातल्या घड्याळात पाहिलं. आठ मिनिटं झाली होती. दोन मिनिटं उगाच उभा राहिलो, कारण दहा म्हटलं होतं.

आत गेलो तेव्हा आप्पा खरंच खुर्चीवर बसले होते. बाकीचेही कोणी हललं नव्हतं. कोणी वर्तमानपत्र वाचत नव्हतं.

मला एका वाक्यात सांगायचं होतं. दोन झाली.

"आप्पा, मी मिरजेला औषधाला जातो हे खरं आहे, समितीला मी स्वतः सांगेन. आणि तुम्ही पुस्तकांत खुन्याचं नाव लिहिता, म्हणून महिनाभर तुम्हाला पुस्तक घरी मिळणार नाही, इथे बसून वाचायचं."

आवाज माझाच होता. चढलेला नव्हता. सव्वीस वर्षांत मी कोणाला पुस्तक नाकारलं नव्हतं.

आप्पांनी इकडेतिकडे बघितलं. वर्तमानपत्राच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे ते आप्पा होते होय! माझी तीन पुस्तकं नासवली यांनी."

"मग काय करू?" आप्पा एकदम केविलवाणे झाले. "एकदा खुनी कळला की माझ्या पोटात राहत नाही हो. घरी कोण ऐकतंय?"

"मला सांगत जा," साळुंखेबाई म्हणाल्या. "मी रहस्यकथा वाचत नाही."

सगळे हसले. आप्पासुद्धा, थोडे उशिराने. मीही हसलो असतो, पण मी तालिकेच्या कपाटाकडे पाहिलं आणि तिथे कोणी नव्हतं. खण जागच्या जागी सरकवलेला होता. प्रमिला निघून गेली होती.

*

शनिवारच्या गाडीसाठी तिने बॅग भरून ठेवलेली मी पाहिली होती. त्र्याण्णव कार्डं वाचल्यावर माणूस शनिवारची वाट कशाला बघेल, असं माझ्या मनात आलं. घर पाच मिनिटांवर. साडेपाचला इचलकरंजीची एक गाडी असते. मी टेबलाशी बसलो. उठलो नाही. दहा मिनिटांचा नियम तिला लागू नव्हता, तिने कधी काही फाडलं नव्हतं.

पाच वाजून गेले आणि दारात ती दिसली. हातात बॅग नव्हती. उशीचा अभ्रा होता.

तिने तो माझ्या टेबलावर ठेवला आणि गाठ सोडली.

"ते खरं आहे का?" तिने विचारलं. "शेवटच्या कार्डावरचं."

त्या कार्डावर मी लिहिलं होतं: कोणावर: प्रमिला. निमित्त: गुणगुणणं. आकार: दहा. आणि खाली, आणखी पाहा: माझ्या आजारात ही दीड वर्ष घरात गायली नाही, हे त्या सकाळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

"खरं आहे," मी म्हणालो. "तू गुणगुणलीस आणि मला ते सगळे महिने एकदम ऐकू आले. मला माझंच तोंड बघवेना. आणि तुझी वही हाताशी होती."

तिने अभ्र्याची सुटलेली गाठ बोटांनी सरळ केली.

"गायचे मी," मग म्हणाली. "मोरीत. नळ पूर्ण सोडून. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

"सांगायचं नाहीस का?"

"विचारायचं नाहीत का?"

तिने अभ्रा उलटा केला आणि टेबलभर तुकडे पसरले. जांभळी पडलेली शाई, बारीक तिरकं अक्षर.

"जोडता येईल?"

पुस्तकं दुरुस्त करणं हे माझं कामच. चिकटवायची खळ होती, पातळ कागद होता. पण मी दोन तुकडे हातात घेतले आणि माझ्या लक्षात आलं की मी काय करून ठेवलंय. एखादं पान एकटं फाटलं तर त्याची कड त्याला ओळखते. गठ्ठा एकदम फाडला होता. सगळ्यांच्या कडा सारख्याच. कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला लागत होता.

"कडेवरून नाही समजणार," मी म्हणालो. "शब्दांवरून लावावं लागेल. पुढची ओळ काय आहे ते तू सांगत गेलीस तर होईल. ही बघ, ही अर्धी ओळ. हिच्यापुढे काय?"

तिने वाचलं. डोळे मिटले. ओठ हलले.

"नाही येत. नुसतं सांगता नाही येत मला. म्हटल्याशिवाय पुढची ओळ आठवत नाही."

आम्ही दोघांनी एकाच वेळी भिंतीकडे पाहिलं. तिथे माझ्याच हातचा फलक होता: शांतता राखा.

"म्हण," मी म्हणालो.

तिने आधी अगदी खालच्या पट्टीत, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने सुरुवात केली. अर्ध्या ओळीवरून ती पुढच्या अर्ध्यावर गेली, आणि मी टेबलावरच्या कागदांत तो शब्द शोधला. सापडला. खळीचं बोट फिरवलं, तुकडा बसवला. ती पुढे गेली. दुसरा सापडला. मग तिसऱ्या ओळीला चाल वर जाते, तिथे हळू म्हणताच येत नाही. ती वर गेली.

साळुंखेबाई उठल्या. वीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात फलकाकडे गेला.

"असू द्या हो बाई," आप्पा चिवटे म्हणाले. "काम चाललंय ना."

साळुंखेबाई उभ्याच राहिल्या. मग त्यांनी खुर्ची ओढून आमच्या टेबलाशी आणली आणि तुकडे शोधू लागल्या. त्यांची नजर माझ्यापेक्षा पक्की. वर्तमानपत्राच्या टेबलावरचे सगळे हातातले पेपर मिटून बसले होते. प्रमिला गात होती. तीन महिने साठलेला आवाज होता तो. आधी जरा कोरडा, मग मोकळा. वाचनालय बंद करायची वेळ झाली तेव्हा सात पानं जोडून झाली होती, आणि कोणी जायला तयार नव्हतं.

मी पानं दोन पुठ्ठ्यांत दाबून ठेवली. उरलेल्यांचा अभ्रा माझ्या खणात ठेवायला तिने दिला.

जाताना तिने फळीवरून एक संतचरित्र काढलं आणि माझ्यासमोर उघडून धरलं.

"हे राहिलंच होतं."

मी तारखेचा शिक्का घेतला. आमच्याकडे पंधरा दिवसांची मुदत. आकडे फिरवायला लागलो.

"एवढे दिवस नकोत," ती म्हणाली. "दादाकडे शनिवारी जाणार आहेच मी. पुस्तक गाडीत वाचून होईल. सोमवारची टाका."

"सोमवारची?"

"परत यायचंय ना मला. ती उरलेली पानं काय तुमची तुम्हाला लागणार आहेत?"

मी आकडे सोमवारवर आणले. शिक्का पॅडवर दाबला आणि मारला. आयुष्यात किती शिक्के मारले असतील कोण जाणे. त्यातला हा एक मला अजून दिसतो, कारण तो उलटा पडला होता.

"उलटा मारलात," प्रमिला म्हणाली.

"वाचता येतंय ना?"

तिने पुस्तक फिरवून धरलं, तारीख मोठ्याने वाचली आणि गुणगुणतच पायऱ्या उतरली.